जागं करणारी डिस्क

बोन्तोबाजी बेटावर कुणाचा रेडिओ बंद पडला, बोटीवरचा मासे दाखवणारा पडदा काळा झाला किंवा मशिदीचा कर्णा घरघरायला लागला, की माणसं ती वस्तू कापडात गुंडाळून दाएंग कानांगच्या घराखाली आणून ठेवतात. घर लाकडी खांबांवर उभं आहे, आणि खालच्या सावलीत तिचं टेबल. काय झालंय ते कुणी नीट सांगत नाही. समुद्राचं पाणी आत गेलं हे कबूल करायला इथल्या माणसांना फार जड जातं. "जरा बघ गं," एवढंच म्हणतात आणि पाठ फिरवतात. तीही विचारत नाही. झाकण उघडते, नाक जवळ नेते आणि वास घेते. जळका वास असेल तर वस्तू बाजूला ठेवते. खारट वास असेल तर मनातल्या मनात हसते, खोडरबर काढते आणि आतल्या जोडण्यांचे पितळी दात एकेक करून घासायला बसते.

त्या रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला तिच्या टेबलासमोर पाक मुस्तारी येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं. शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्या बेटाचे पाक गुरू. गेल्या अठ्ठावीस वर्षांत बेटावर जे कुणी अक्षर शिकलं ते त्यांच्या हाताखाली, त्यामुळे ते कुणाच्या दारात जात नसत, लोकच त्यांच्याकडे जात. कानांगच्या हातातला चिमटा थांबला.

"सहारिया, शाळेतलं मोठं यंत्र उठत नाहीये," ते म्हणाले.

सहारिया हे तिचं जन्माचं नाव. लग्न झालेल्या बाईला बेटावर त्या नावाने कुणी हाक मारत नाही, तिला तिचं दाएंगचं नाव असतं, आणि ते घेणं म्हणजे मान देणं. तिची आईसुद्धा चार माणसांत तिला कानांगच म्हणते. पाक मुस्तारींना मात्र ती अजून दुसऱ्या बाकावरची, अर्ध्यातून शाळा सोडून गेलेली पोरगीच वाटत असावी. तिसरीचं वर्ष सुरू असताना वडिलांची बोट फुटली, ती आईबरोबर मासे वाळवायला बसली, आणि महिन्याभराने त्यांनी हजेरीपटावरून तिचं नाव खोडलं. नियमच होता तसा. तरी ती तांबडी रेघ तिने खिडकीतून पाहिली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गुरुवारपर्यंत चांगलं होतं."

"आणि गुरुवारी?"

ते जरा घुटमळले. मग सांगितलं की जिल्ह्याच्या कचेरीतून नवी वेगवान डिस्क आली होती, परीक्षेचे प्रश्न ठेवायला. जुनी काढून तिच्या जागी ती बसवा असं पत्र होतं. त्यांनी फोनवर कुणाचंतरी चित्रीकरण तीनदा पाहिलं आणि स्वतःच बसवली. आज सकाळी सुरू करायला गेले तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बाकी काही नाही. कचेरीला फोन केला तर ते म्हणाले, यंत्र शहरात घेऊन या.

कानांगने चिमटा खाली ठेवला. पुढचं तिला सांगायची गरज नव्हती, बेटावर सगळ्यांनाच माहीत होतं. वरच्या दोन वर्गांची वार्षिक परीक्षा आता संगणकावर होते. गेल्या वर्षी शाळेकडे मुलांसाठी यंत्रं नव्हती, म्हणून एकतीस मुलं पहाटे बोटीने पलीकडच्या मोठ्या बेटावर गेली. पश्चिमेचा वारा अजून ओसरला नव्हता. बोट तासभर उशिरा लागली, मुलं गुडघ्यापर्यंत भिजलेली. तिची नुरलिंदा वाटेत चारदा ओकली आणि पाणी निथळणाऱ्या बुटांत बसून तिने अर्धे प्रश्न सोडवले. परत आली तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. ते ओठ कानांगला वर्षभर दिसत राहिले. नवरा दूरच्या पाण्यात बुड्या मारायला तीन-तीन महिने गेलेला असतो, त्याची काळजी तिच्या अंगवळणी पडली आहे. पण मुलीला हाताने बोटीत चढवायचं आणि मग दिवसभर वाऱ्याकडे बघत बसायचं, हे तिला जमलं नव्हतं.

या वर्षी पहिल्यांदाच परीक्षा बेटावर होणार होती. सोलर पाट्या आल्या, मुलांसाठी जुनी का होईना एकतीस यंत्रं आली, मोबाइलचा मनोरा आला. उद्या सकाळी पहिला पेपर. मात्र आज दुपारी चार वाजेपर्यंत मुलांच्या यंत्रांना प्रश्न पुरवणारं शाळेचं मोठं यंत्र मुख्य केंद्राला जोडलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, की एकतीस नावं आपोआप मोठ्या बेटाच्या यादीत, आणि पहाटे पुन्हा बोट.

"डिस्क बसवायलाच का नाही बोलावलंत, पाक गुरू?" तिने हत्यारांची पेटी उचलत विचारलं.

ते शाळेच्या वाटेकडे वळले. कचेरीच्या कागदावर तंत्रज्ञ म्हणून प्रमाणपत्रवाल्याचं नाव लागतं, आणि तिच्याकडे कुठलंच प्रमाणपत्र नाही, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. हे तिला परवाच कळलं होतं. तिने पेटी जरा जोरात बंद केली.

प्रमाणपत्र नसलं तरी अकरा वर्षांचं काम पाठीशी होतं. सतराव्या वर्षी ती मकासर शहरात गेली आणि संगणकांच्या बाजारात को लियोंग यांच्या दुकानात झाडलोट करायला लागली. चहा करायचा, खोकी उचलायची. आठ महिन्यांनी मालकाच्या लक्षात आलं की स्क्रूंचा डबा कुणीतरी आकाराप्रमाणे लावून ठेवलाय. त्यांनी तिला शेजारी स्टूल दिलं. ते चिनी म्हातारे गृहस्थ फार बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली की ती तिच्या हाडांत मुरली. एका वेळी एकच डिस्क. यंत्रात दोन असतील तर एकीची तार काढ, मगच कामाला हात लाव. पडद्यावर दोघींना नंबर असतात आणि ते नंबर दगा देतात. एकदा त्यांनी स्वतः घाईत नंबर चुकवून एका नवरीच्या लग्नाचे सगळे फोटो पुसले होते. ती नवरी दुकानात येऊन रडली नाही, नुसती बसून राहिली, असं सांगताना त्यांचा आवाज दरवेळी खाली जायचा. आई घराच्या शिडीवरून पडली तेव्हा कानांग बेटावर परत आली. मुख्य बाजारात दुसरं दुकान काढून देतो असं को लियोंग म्हणत होते, पण ती आली.

शाळेच्या पायरीवर तिची आई, दाएंग बोल्लो, नेहमीप्रमाणे जालांगकोते, म्हणजे तिखट सारणाच्या करंज्या, तळायला बसली होती. रविवार असला तरी मुलं परीक्षेची खोली झाडायला आली होती, म्हणजे गिऱ्हाईक होतंच. लेकीला पेटी घेऊन येताना पाहून तिने झारा हवेत धरला.

"काय झालं? कुणाला ताप आलाय?"

"यंत्राला," कानांग म्हणाली.

"मग कपाळावर हात ठेवून बघ आधी," म्हातारी म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायका हसल्या.

आत जाऊन कानांगने यंत्राचा डबा उघडला. वास खारट होता. तिने चालू करून आतलं घड्याळ पाहिलं तर ते बारा वर्षं मागे गेलेलं. नाण्याएवढी बॅटरी मेली होती. ती मेली की यंत्र आपल्या सगळ्या सवयी विसरतं, कुठल्या डिस्कवरून आणि कुठल्या रीतीने उठायचं तेही. तिला हायसं वाटलं. मागे मुख्याध्यापक उभे होते, दारात दोन शिक्षिका, खिडकीत बायका. ती वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बॅटरी आहे. दहा मिनिटांचं काम."

पेटीतून नवी बॅटरी काढून तिने बसवली. दात घासले, घड्याळ लावलं, उठायची जुनी रीत परत निवडली, उठायच्या क्रमात यंत्राची मोठी डिस्क सगळ्यांत वर घातली. कळ दाबली.

काळा पडदा. तीच पांढरी ओळ.

पुन्हा दाबली. पुन्हा तीच.

"दहा मिनिटं झाली का गं?" आईने पायरीवरून विचारलं.

कानांगचे कान तापले. पाक मुस्तारींनी भिंतीकडे पाहिलं, आणि ते तिला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. तिथल्या घड्याळात अकरा वाजत आले होते. खिडकीतून नुरलिंदा डोकावून गेली. हातात झाडू, चेहऱ्यावर काही नाही. ही पोर घाबरली की चेहरा असाच पुसून टाकते.

आपण आधी उत्तर बोललो आणि मग पाहिलं, हे तिच्या ध्यानात आलं. को लियोंग असते तर त्यांनी टेबलावर टिचकी मारली असती. तिने स्टूल ओढलं, डब्यातल्या सगळ्या तारा सोडवल्या आणि आतलं एकेक बाहेर काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं. नवी डिस्क, पातळ, वहीच्या पुठ्ठ्यासारखी. मोठी डिस्क, जिच्यावर सगळं यंत्र आणि परीक्षेचा कार्यक्रम होता, कचेरीने शिक्का मारून दिलेला. तो नव्याने टाकायचा तर शहरातच जावं लागलं असतं. मग ती रिकाम्या डब्यात वाकली. तळाच्या कप्प्यात मिठाची आणि धुळीची जाड साय होती, आणि तिच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन.

"पाक गुरू, इथे काय होतं?"

"तीच, जुनी डिस्क. सगळ्यांत पहिल्या यंत्रातली." ते पुढे आले. "रिकामीच होती. मी नीट पाहिलं. वीस वर्षांपूर्वीची पत्रं आणि सहलीचे फोटो, ते सगळे उतरवून घेतले. बाकी काही नव्हतं तिच्यावर."

"हे मोठं यंत्र जोडून कुणी दिलं होतं?"

आठ वर्षांपूर्वी शहरातून एक माणूस आला होता, ते म्हणाले. संध्याकाळची बोट पकडायची म्हणून फार घाईत होता.

कानांगने डोळे मिटले. सगळं तिला दिसलं. त्या घाईतल्या माणसाने दोन्ही डिस्क लावलेल्याच ठेवून मोठीवर सगळं बसवलं. यंत्राने घर मोठीवर थाटलं, पण उठताना पहिली हाक मारायचा जो चिमूटभर तुकडा असतो, तो जाऊन बसला जुन्या डिस्कवर, एका कोपऱ्यात, फोल्डर उघडून बघणाऱ्याला दिसणारसुद्धा नाही असा. आठ वर्षं रोज सकाळी जुनी डिस्क मोठीला जागं करत होती, आणि गुरुवारी तिला कुचकामी म्हणून काढून टाकलं.

तिने हे सगळं त्यांना सांगितलं, पण अशा शब्दांत की खिडकीतल्या बायकांनाही कळावं. मशिदीत बांग देणारा एका घरात राहतो आणि गाव दुसऱ्या घरात झोपतं, असं ती म्हणाली. बांगवाल्याला गावाबाहेर काढलं, आता गाव उठणार कसं.

"मग ती परत लावू," पाक मुस्तारी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला आणि लगेच गेला. "म्हणजे... ती मी दाएंग रालाला दिली."

दाएंग राला हा बेटावरचा इंजिनवाला. त्याचे पाने सारखे बोटीच्या तळातल्या काळ्या पाण्यात पडतात, आणि जुन्या डिस्कमधल्या चुंबकासारखं जोरकस चुंबक दुसरं नाही हे कळल्यापासून तो शाळेत येऊन तगादा लावून बसला होता. निरोप गेला. दाएंग राला आला तो खिशातून दोन चकचकीत लोहचुंबकं काढतच, एकमेकांना अशी चिकटलेली की त्याच्या बोटाची कातडी मध्ये सापडली होती.

"हे घे. पण एक परत दे हं, परवाच एका पान्याला वर काढलंय याने."

"आणि बाकीची डिस्क?" कानांगने विचारलं.

"तबकड्या? बायकोने घेतल्या. आरशासारख्या आहेत. वाळत घातलेल्या माशांवर दोरीने टांगल्यात. एक कावळा फिरकत नाही."

दोन्ही शिक्षिकांनी तोंडावर हात ठेवले. पाक मुस्तारी बाकावर बसले, हळूच, म्हातारी माणसं बसतात तसे.

"आठ वर्षं शाळेला उठवलं तिने," दाएंग बोल्लो पायरीवरून म्हणाली, "आता मासे राखतेय. पेन्शन बरी मिळाली."

या वेळी कुणी हसलं नाही. उद्या मुलांना न्यायला जी बोट ठरायची ती दाएंग रालाचीच होती. तो उगीच दारात उभा राहून म्हणाला की वारा संध्याकाळपासून वाढेल असं दिसतंय, पण बघू, जमेल. जमेल हा शब्द ऐकून कानांग परत टेबलाकडे वळली.

बांगवाला गेलाच होता. आता गावातल्याच कुणालातरी बांग शिकवायची होती. म्हणजे मोठ्या डिस्कवरच तो तुकडा नव्याने लिहायचा. एक अक्षर चुकलं तर परीक्षेचा कार्यक्रम, कचेरीचा शिक्का, सगळं जाणार. पाक मुस्तारींनी हलक्या आवाजात विचारलं की पुन्हा कचेरीला फोन करून बघायचा का. त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता. तिने नकारार्थी मान हलवली.

नवी डिस्क तिने वर्तमानपत्रावरच राहू दिली, अगदी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. यंत्राला एकच तार, एकच डिस्क. गळ्यातल्या दोऱ्याला तिचा पेनड्राइव्ह असतो, मकासर सोडताना को लियोंग यांनी दिलेला. त्यात बंद पडलेल्या यंत्राला बाहेरून उठवायची सोय आहे. तो लावून तिने यंत्र सुरू केलं. काळ्या चौकटीत डिस्कची यादी मागवली. दोन नावं आली, एक तिचा पेनड्राइव्ह, एक मोठी. आकार वाचला, बोटाने पडद्यावर आकडा मोजला, मग तळहातावर पेनने लिहून घेतला आणि पुन्हा पडद्याशी ताडून पाहिला. बाहेर झाडूचा आवाज थांबला होता.

पहिली आज्ञा, हीच डिस्क निवड. दुसरी, या भागावरून उठायचं अशी खूण कर. तिसरी सगळ्यांत लांब होती, उठवायचा तुकडा इथेच लिही अशी. ती टाइप करून झाल्यावर तिने कळ दाबली नाही. शेवटापासून सुरुवातीपर्यंत एकेक अक्षर उलटं वाचलं, को लियोंग वाचायचे तसं, कारण सरळ वाचताना डोळा आपल्याला हवं ते वाचतो. उलटं वाचताना एका ठिकाणी अडली. डिस्कच्या भागाचं अक्षर. बाहेरून उठवलेल्या यंत्रात अक्षरं सरकतात, जो भाग रोज 'सी' म्हणून ओळखला जातो तो इथे 'डी' झाला होता. तिने सवयीने 'सी' लिहिलं होतं.

तिने ते एक अक्षर बदललं. ओळ पुन्हा एकदा उलटी वाचली. मग कळ दाबली, आणि पडद्यावर एकच ओळ आली, काम झालं अशी.

"झालं?" पाक मुस्तारींनी विचारलं.

"पाहिल्याशिवाय सांगत नाही आता," ती म्हणाली.

पेनड्राइव्ह काढून गळ्यात घातला. कळ दाबली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला, इतका वेळ की एका शिक्षिकेने काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मग मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं एक कडं उगवलं आणि गरगर फिरायला लागलं. पाठोपाठ शाळेचं चिन्ह आलं. बाहेर कुणीतरी मुलगी ओरडली, बहुतेक नुरलिंदाच.

कानांगने लगेच नवी डिस्क लावली नाही. यंत्र दोनदा बंद करून दोनदा उठवलं. मग तार जोडली, पुन्हा उठवलं. प्रश्न ठेवायची जागा नव्या डिस्कवर दाखवली. पावणेतीन वाजता मुख्य केंद्राच्या यादीत त्यांच्या शाळेच्या नावापुढे हिरवी खूण आली. आईने पायरीवरून एक गरम जालांगकोते पाठवलं, वर निरोप, की दहा मिनिटं फार लांबली म्हणून थंड झालंय. ते चटका बसण्याइतकं गरम होतं.

पाक मुस्तारींनी परीक्षेची फाइल काढली. तंत्रज्ञाच्या रकान्यात त्यांचं नाव निळ्या शाईत होतं. त्यांनी पट्टी ठेवून त्यावर सरळ रेघ मारली, जशी हजेरीपटावर मारतात तशीच. मग वर काहीतरी लिहिलं आणि फोन उचलला. कचेरीतला माणूस विचारत असावा की यंत्र कुणी दुरुस्त केलं, प्रमाणपत्र क्रमांक काय.

"दाएंग कानांग यांनी," ते म्हणाले. "क्रमांक नाही. कुणाला शंका असेल तर त्याला इकडे पाठवून द्या, त्या समजावून सांगतील. मलाही त्यांनीच समजावलं."

ती तारा गुंडाळत होती. त्यांनी तिचं नाव असं, त्यांनी-त्या करून घेतलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. काय करावं ते न सुचून तिने आधीच गुंडाळलेली तार सोडली आणि परत गुंडाळली. निघताना टेबलावरच्या दोन चुंबकांपैकी एक दाएंग रालाला परत दिलं. दुसरं स्वतःच्या पेटीच्या झाकणाला चिकटवलं, आणि त्याने कितीही मागितलं तरी दिलं नाही.

सोमवारी पहाटे वारा खरंच वाढला. खांबांखाली लाटांचा आवाज ऐकत ती नेहमीप्रमाणे आधीच जागी झाली, आणि मग आठवलं की आज कुणाला बोटीत बसवायचं नाही. नुरलिंदा भरपूर खाऊन, वेणी दोनदा घालून, चालत शाळेला गेली. कानांग पेटी घेऊन मागून गेली. यंत्र पहिल्या झटक्यात उठलं. ते पाहून ती बाहेर आली आणि दाराशी थांबली. परीक्षेच्या खोलीबाहेर मुलांनी बूट काढून ठेवले होते, एकतीस जोड, पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती वाकली, आणि कुणी बघत नाहीये असं पाहून नुरलिंदाच्या बुटात हात घालून बघितला. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या. सगळे कोरडे होते.